'न्यूमॅटोफोर' हा शब्द कसा उलगडावा
शिवडीच्या खाडीकाठी ओहोटीला तिवरांभोवतीच्या चिखलातून पेन्सिलीसारखी मुळे वर आलेली दिसतात. त्यांचे शास्त्रीय नाव न्यूमॅटोफोर. हा शब्द उलगडताना आधी शेवटचा तुकडा सुटा करावा: 'फोर' म्हणजे वाहणारा, ग्रीक 'फोरोस'पासून आलेला आणि आपल्या 'भार'चा दूरचा नातलग, जो फॉस्फरसमध्येही, म्हणजे 'प्रकाश वाहणाऱ्या'त, भेटतो. मधला 'ओ' निव्वळ सांधा आहे. त्याला अर्थ चिकटवू नये. 'न्यूमा' म्हणजे श्वास किंवा वारा, एवढ्यावर मात्र थांबू नये, कारण त्याचे षष्ठीचे रूप 'न्यूमॅटोस' पाहिल्याशिवाय मधला 'ट' कुठून आला हे कळत नाही, आणि बहुतेकांची गाडी नेमकी इथेच अडते. मग अर्थ प्रत्यक्ष मुळाशी ताडून पाहावा: त्याच्या सालीवरील बारीक छिद्रांतूनच हवा चिखलाखालच्या मुळांपर्यंत पोहोचते.