ऑटो डार्क वेल्डिंग हेल्मेट: आधी काम सांगा, मग हेल्मेट मागा

गणपती उठले की सातारा-सांगलीकडच्या फॅब्रिकेशन शेडबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. कारखान्याची मोळी टाकायच्या, म्हणजे गळीत सुरू व्हायच्या आत चासीचे तडे, हुकाची जोडणी, बॉडीचे अँगल सगळं भरून व्हायला हवं असतं. या दिवसांत वेल्डर सकाळपासून टाकेच मारत असतो. प्रत्येक टाक्याला मान झटकून काच खाली पाडायची, नाहीतर एका हातात स्क्रीन धरायची. काच खाली आली की सगळा अंधार, आणि रॉडचं टोक दोन सूत बाजूला पडतं. ऑटो डार्क हेल्मेटचा, म्हणजे आर्क (रॉडच्या टोकाशी पेटणारा विजेचा झगझगीत उजेड) दिसताच ज्याची काच आपोआप काळी होते त्याचा, खरा उपयोग इथे होतो. ठिणगी पडण्याआधी सांधा दिसतो, दोन्ही हात मोकळे राहतात आणि मानेचे झटके थांबतात.

पण दुकानात जाऊन नुसतं ‘चांगलं हेल्मेट द्या’ म्हटलं, की कवटीचं किंवा गरुडाचं चित्र असलेलं हेल्मेट पुढे येतं. बाहेरचं प्लास्टिक बहुतेकांचं सारखंच असतं. पैसे मोजायचे ते आतल्या फिल्टरचे, म्हणजे त्या चौकोनी काळसर काचेचे. (‘शेड’ हा शब्द पत्र्याच्या शेडलाही आणि काचेच्या काळेपणालाही वापरला जातो. घोळ नको म्हणून इथे काचेसाठी ‘नंबर’ म्हणू. दुकानातही ‘११ नंबरची काच’ असंच मागतात.)

फिल्टरच्या आत काय चालतं

फिल्टर ही एक काच नसते, अनेक थरांचं सँडविच असतं. पुढे आरशासारखी चमकणारी लेप दिलेली काच, तिच्यामागे पोलरायझर (उजेड गाळणारा थर) आणि कॅल्क्युलेटरच्या पडद्यासारखे लिक्विड क्रिस्टलचे थर. सेन्सरला आर्क दिसली की क्रिस्टलला करंट मिळतो आणि काच काळी होते. चांगल्या हेल्मेटवर हा वेळ १/२५,००० सेकंद लिहिलेला असतो, म्हणजे ०.०४ मिलिसेकंद.

अतिनील आणि अवरक्त किरण अडवतो तो पुढचा लेप, आणि तो कायम काम करतो. काच उजळ असो, काळी असो, बॅटरी मेलेली असो, तरीही. म्हणून ‘बॅटरी संपली तर डोळे जातील’ ही भीती खऱ्या फिल्टरबाबत चुकीची आहे. अशा वेळी डोळे दिपतील, समोर हिरवे-जांभळे ठिपके नाचतील, काम थांबवावंच लागेल, पण रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी जी आग होते ती त्यामुळे होणार नाही.

मग ऑटो डार्क वापरूनही आर्क का लागते, म्हणजे डोळ्यांची ती आग का होते? बऱ्याचदा हेल्मेट वर केलेलं असताना शेजारच्याची आर्क बाजूने येते म्हणून. किंवा मागच्या पांढऱ्या भिंतीवरून, स्टेनलेसच्या पत्र्यावरून उजेड हेल्मेटच्या पाठीमागून आत शिरतो. आणि सगळ्यात जास्त वेळा, ‘एकच टाका आहे’ म्हणून डोळे मिटून मारलेल्या टाक्यामुळे. पापणी काही वेल्डिंगची काच नाही. त्रास लगेच कळत नाही, सहसा सहा ते बारा तासांनी, ऐन झोपेत सुरू होतो. डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवतात, त्यांनी थोडं गार वाटतं एवढंच. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. बधिर करणारे थेंब स्वतःच्या मनाने घालू नका, त्यांनी दुखणं दबतं आणि जखम भरायला उशीर होतो.

नंबर कुठून कुठपर्यंत हवा

प्रत्येक नंबरामागे उजेड साधारण २.७ पटीने कमी होतो. म्हणजे १० आणि ११ मधला फरक दिसतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. १२ गेजचा रॉड (२.५ मिमी) ६० ते ९० अँपिअरवर चालवताना ९ किंवा १० नंबर पुरतो. १० गेजला (३.१५ मिमी) ९० ते १३० अँपिअरवर १० ते ११. ट्रॉलीच्या चासीला ८ गेज (४ मिमी) १४० ते १८० अँपिअरवर चालवत असाल तर ११ ते १२. सीओटू वेल्डिंगला (गॅसखाली तारेने करतात त्याला) १६० अँपिअरपर्यंत ११, त्यापुढे २५० पर्यंत १२. आर्गॉनला, म्हणजे टिग वेल्डिंगला, ५० अँपिअरच्या आत १०, त्यावर १५० पर्यंत ११ ते १२.

सेटिंगची पद्धत सोपी आहे. काळ्या बाजूने सुरुवात करा आणि वितळलेल्या मेटलची कड स्पष्ट दिसेपर्यंत एकेक नंबर खाली या. काम संपल्यावर डोळ्यांसमोर ठिपके राहिले तर एक नंबर परत वर जा.

बाजारात फक्त ११ नंबरचं, बटण नसलेलं हेल्मेटही मिळतं. दिवसभर १० गेजच्या रॉडने गेट-ग्रिल करणाऱ्याला ते चालून जातं. पातळ चौकोनी पाइपला १२ गेजचा रॉड लावणाऱ्याला मात्र त्यातून सांधा दिसत नाही, मग तो अंदाजाने रॉड ओढतो आणि पाइपला भोक पडतं. ९ ते १३ बदलता येणारंच घ्या. बटण बाहेर असेल तर उत्तम, हातमोजा न काढता फिरवता येतं.

उजळ असतानाचा नंबरही विचारा. ३ नंबरमधून सुमारे १४ टक्के उजेड येतो, ४ नंबरमधून ५ टक्क्यांच्या आसपास. अंधाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा संध्याकाळी लाइट गेल्यावर हा फरक लगेच जाणवतो. ४ नंबरवाल्या हेल्मेटमधून सांधा दिसत नाही म्हणून लोक ते वर करून टाका मारतात, आणि मग ते घेतल्याचा उपयोग राहत नाही.

सेन्सर: इथे कंजूषी नको

साधारण हजार-दीड हजाराच्या हेल्मेटला सहसा दोन सेन्सर असतात. टेबलावर जॉब ठेवून, समोर बसून काम असेल तर दोन पुरतात. पण ट्रॉलीखाली उताणं पडून चासी भरताना, किंवा पाइपच्या पलीकडच्या बाजूने रॉड चालवताना एखादा अँगल सेन्सरच्या आड येतो. दोन्ही झाकले गेले की आर्क चालू असतानाच काच अचानक उजळते. असं काम वरचेवर असेल तर चार सेन्सरच घ्या.

आर्गॉन करणाऱ्यांनी आणखी एक आकडा बघावा, तो म्हणजे हेल्मेट किती कमी अँपिअरची आर्क ओळखतं. खोक्यावर ‘टिग ५ अँपिअर’ असं काही लिहिलेलं असेल तर पातळ स्टेनलेसला ते भरवशाचं. काहीच लिहिलं नसेल तर धरून चाला की ३० अँपिअरच्या खाली काच लुकलुकणार.

तासगाव, सावळजकडे बेदाण्याचं शेड किंवा द्राक्षबागेचे अँगल उभे करताना काम भर उन्हात असतं. तिथे तक्रार उलटी असते. सेन्सर उन्हालाच आर्क समजतो आणि काच काळीच राहते. सेन्सिटिव्हिटीचं बटण असलेलं हेल्मेट घ्या आणि उन्हात ते कमी करा, तेवढं की रॉड टेकताच काच काळी होते, पण मान वर केल्यावर उजळते. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत एका शेडमध्ये चार वेल्डर शेजारी शेजारी असतात, तिथे शेजाऱ्याच्या आर्कने तुमची काच काळी होते. उपाय तोच. मात्र ते बटण कमी करून ठेवलेलं असताना कमी अँपिअरचं आर्गॉन करायला बसू नका.

तिसरं बटण डिलेचं, म्हणजे आर्क थांबल्यावर काच किती वेळाने उजळावी. बहुतेक ०.१ ते १ सेकंद. टाके मारताना ०.१–०.२ ठेवा, नाहीतर पुढच्या टाक्यासाठी ताटकळावं लागतं. जाड प्लेटवर २०० अँपिअरच्या आसपास काम असेल तर ०.६ ते ०.८, कारण आर्क विझली तरी मेटल डोळ्यांना टोचेल इतकं तापलेलं असतं.

काचेवरचे आकडे वाचा

खऱ्या फिल्टरच्या फ्रेमवर बारीक अक्षरात एक ओळ छापलेली असते. उदाहरणार्थ ४/९-१३, मग कंपनीची खूण, मग १/१/१/२ आणि ३७९. पहिला ४ हा उजळ असतानाचा नंबर, ९-१३ हा काळेपणाचा पल्ला. शेवटचा ३७९ हा ईएन ३७९ या युरोपियन मानकाचा. आता त्याची जागा आयएसओ १६३२१ घेत आहे, त्यामुळे नव्या मालावर खूण वेगळी दिसू शकते. मधले चार आकडे अनुक्रमे दृश्याची शुद्धता, धूसरपणा, काळेपणाचा सारखेपणा आणि तिरप्या नजरेचा फरक सांगतात. १ म्हणजे उत्तम, ३ म्हणजे कमी प्रतीचं. चौथा आकडा ३ असेल तर समोर बघताना काच ठीक वाटते, पण पाइपभोवती मान तिरकी केली की एक बाजू जास्त काळी, दुसरी फिकी दिसते. पाइपलाइनचं काम करणाऱ्याने तिथे १ किंवा २ मागावा. नुसत्या गेट-ग्रिलला १/२/१/२ असलं तरी अडत नाही.

ज्या काचेवर कसलीच खूण नाही ती घेऊ नका. वर सांगितलेली ‘बॅटरी मेली तरी किरण अडतात’ ही खात्री अशा काचेला लागू नाही.

बॅटरी आणि वजन

‘सोलर आहे, बॅटरी लागत नाही’ असं सांगितलं जातं. अशा बऱ्याच हेल्मेटमध्ये आत बॅटरी असतेच, फक्त ती बंदिस्त असते. ती मेली की अख्खा फिल्टर फेकावा लागतो. बाजूला छोटं झाकण आणि आत सीआर २०३२ किंवा सीआर २४५० असा नाण्यासारखा सेल असेल ते घ्या. घड्याळाच्या दुकानातही ते सेल मिळतात.

वजन साधारण साडेचारशे ते सहाशे ग्रॅम असतं. दुकानात दोन मिनिटं घालून काही कळत नाही. घाला, मागची चक्री आवळा आणि मान खाली घाला. घसरून नाकावर आलं तर पट्टा हलक्या प्रतीचा आहे. चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून बघा. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसायला लागतं आणि वेल्डर दोष हेल्मेटला देतो. काचेच्या आत भिंगाची पट्टी बसवायची खाच आहे का ते विचारा. चष्म्याच्या १ ते २.५ नंबरपर्यंतच्या पट्ट्या मिळतात.

बघण्याची खिडकी ९२ × ४२ मिमीची असेल तर टेबलकामाला ठीक. अडचणीच्या जागेत १०० × ६० ची मोठी खिडकी मान वाचवते, पण महाग पडते. ग्राइंडिंग मोडही उपयोगी असतो. तो चालू असताना काच काळी होत नाही, म्हणून परत वेल्डिंगला बसताना बंद करायचा राहून जातो. आणि ग्राइंडर मारताना हेल्मेटच्या आत साधा सेफ्टी चष्मा असू द्या.

दुकानात करायची तपासणी

लायटरची ठिणगी सेन्सरसमोर उडवा किंवा टीव्हीचा रिमोट त्यावर रोखून बटण दाबा. बऱ्याच हेल्मेटची काच क्षणभर काळी होते. एकेक सेन्सर बोटाने झाकून पुन्हा करा, म्हणजे दोन्ही चालू आहेत का ते समजतं. यातून फक्त सेन्सर जिवंत आहे एवढंच कळतं, किरण अडतात की नाही ते नाही. पांढऱ्या भिंतीकडे बघत काच काळी करून बघा. एका कोपऱ्यात फिकट डाग किंवा पट्टा दिसला तर दुसरा नग मागा.

गॅस कटिंगला हे हेल्मेट वापरू नका. गॅसच्या ज्योतीवर सेन्सर भरवशाने चालत नाही, त्यासाठी ५ नंबरचा गॉगल वेगळा असतो. आणि हल्ली हातात धरून चालवायची लेसर वेल्डिंग मशिन येऊ लागली आहेत, त्यांना हे हेल्मेट अजिबात चालत नाही. लेसरचा किरण डोळ्यांना दिसत नाही आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याला कायमची इजा करतो. त्याला त्या लेसरच्या तरंगलांबीसाठीच बनवलेली काच लागते.

घेतल्यानंतर

फिल्टरच्या पुढे एक साधी पारदर्शक पट्टी असते, कव्हर ग्लास. वितळलेले थेंब झेलायचं काम तिचं. ती धुरकट झाली की माणूस नंबर कमी करतो, आणि सेन्सरसमोर थेंब चिकटला की काच उशिरा काळी होते. ‘हेल्मेट बिघडलं’ म्हणून आणलेल्यात कितीतरी वेळा बिघडलेली असते ती ही काही रुपयांची पट्टी. हेल्मेट घेतानाच तिचे दहा नग त्याच मापाचे घ्या, कारण माप कंपनीगणिक बदलतं आणि हंगामात ऐन वेळी तेच मिळत नाही. आतल्या बाजूच्या पट्टीचेही दोन घ्या.

पुसायला ओलसर मऊ कापड आणि साबणाचं पाणी. थिनर किंवा पेट्रोल लावलं तर पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. फिल्टर पाण्यात बुडवू नका. दुपारच्या उन्हात गाडीच्या काचेमागे ठेवू नका, बहुतेक फिल्टरची मर्यादा ५५ अंश सेल्सिअस असते आणि उन्हाळ्यात बंद केबिनचा आतला भाग त्यापलीकडे जाऊ शकतो. काम झालं की खिळ्याला पट्ट्याने टांगा, काच खाली करून जमिनीवर ठेवू नका. फिल्टर पडून तडा गेला, किंवा थरांमध्ये पाण्यासारखा डाग पसरला, तर तो काळा होत असला तरी बदला.