व्यक्तिचित्रातली सावली काळी करू नका

आजीचं चित्र करताना गालाखालच्या सावलीसाठी मी त्वचेच्या रंगात ट्यूबमधला काळा मिसळला. आजी आजारी दिसू लागली. दुसऱ्या दिवशी ओसरीवर तिच्यासमोर बसून नुसतं पाहत राहिले. तापलेल्या अंगणातल्या मातीवरून उजेड उसळून तिच्या हनुवटीला खालून लागत होता, लुगड्याचा तांबडा गळ्यावर उतरला होता. सावलीत काळं काहीच नव्हतं. खानदेशातल्या वैशाखाच्या उन्हात सावल्या अशाच तांबूस, उबदार असतात, आणि चेहऱ्याचा भाव मला तरी तिथेच सापडतो.

काळ्याऐवजी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) आणि अल्ट्रामरीन निळा मिसळा. सिएना वाढवला की गडद रंग उबदार होतो, निळा वाढवला की थंड. डोळे किलकिले करून आधी सावलीचा एकसंध आकार लावा, उसळलेला उजेड नंतर. तो मात्र उजेडाच्या बाजूच्या कुठल्याही भागापेक्षा गडदच हवा. इथे हात सैल सुटला की चेहऱ्याची गोलाई मोडते.

‘उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही’ हा सल्ला युरोपातल्या स्टुडिओंचा. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या थोडं उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडं उत्तरेला मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ त्या खिडकीतून तिरपं ऊन आत येतं आणि चेहऱ्यावरचे रंग बघता बघता बदलतात. खिडकीला पांढरं धोतर लावा, किंवा बैठक दुपारी ठेवा. खिडकीच्या उजेडात ट्यूबलाइट मिसळू नका. एकाच गालावर दोन रंगांचे उजेड सांभाळणं फार अवघड जातं.

कपाळावरच्या चकाकीला निव्वळ पांढरा लावला तर सावळी त्वचा खडूसारखी दिसते. चकाकीत उजेडाचाच रंग असतो: खिडकीपाशी किंचित निळसर, दिव्यापाशी पिवळसर.

दिव्याच्या उजेडातलं चित्र म्हणजे सगळीकडे पिवळा, असंही अनेकजण करतात. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं चित्रकार सा. ल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र पाहा. ज्योतीवर धरलेली बोटं लालसर आहेत, कारण उजेड मांसातून आरपार येतो. बाकीचं चित्र त्यांनी शांत, काळोखात ठेवलं, म्हणून ती ज्योत तेवते.

आजीच्या गळ्यापाशी मी शेवटी लुगड्याच्या तांबड्याचा एकच फटकारा दिला आणि ब्रश धुवायला उठले.