परदेशातल्या लष्करी तळावर बीच व्हॉलीबॉलचा दौरा कसा आखावा

अमेरिकेबाहेरच्या अमेरिकी तळांवर व्यावसायिक बीच व्हॉलीबॉलपटूंना घेऊन जायचं असेल, तर एक गोष्ट आधी ठरवून टाका: हा सामना दाखवण्याचा दौरा नाही, खेळवण्याचा आहे. दोन तास बसून टाळ्या वाजवायला सैनिकांकडे वेळ कमी असतो आणि उत्साह त्याहून कमी. पण नावाजलेल्या खेळाडूची सर्व्हिस स्वतःच्या हातांवर घ्यायला मिळणार म्हटलं, की शिफ्ट संपवून थकलेला माणूसही मैदानावर येतो. पुढची सगळी आखणी यावरून करायची.

दार कुठून उघडतं

तळावर थेट फोन करून काही होत नाही. परदेशी तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांसाठी मनोरंजनाचे कार्यक्रम नेण्याचं काम संरक्षण खात्याच्या वतीने आर्म्ड फोर्सेस एंटरटेनमेंट करतं. त्याच्या जोडीला १९४१ साली स्थापन झालेली यूएसओ ही खासगी, ना-नफा संस्था आहे. प्रत्यक्ष तळावर मैदान, दिवे, माईक, पाणी आणि माणसं यांची व्यवस्था बघतो तो तिथला एमडब्ल्यूआर, म्हणजे सैनिकांचं मनोबल, कल्याण आणि करमणूक बघणारा विभाग. परवानगी वरून येते, पण कार्यक्रम उभा राहतो तो एमडब्ल्यूआरच्या माणसामुळे. म्हणून त्याचं नाव कळलं, की त्याच दिवशी त्याच्याशी बोलायला सुरुवात करा.

खेळाडू नागरिक असल्यामुळे त्यांना निमंत्रणावर प्रवासाचे आदेश निघतात. त्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. टोपणनावाने प्रसिद्ध असलेले खेळाडू इथेच अडकतात. विमान, मुक्काम, जेवण, विमा आणि दुखापत झाल्यास उपचार हे कोणाकडे, ते लेखी घ्या. प्रायोजकांचे फलक आणि लोगो यांची परवानगीही आधीच विचारा. सरकारी तळावर खासगी कंपनीची जाहिरात केल्यासारखं दिसणं चालत नाही आणि ऐनवेळी कपडे बदलायला लागतात. मध्यपूर्वेतल्या अनेक ठिकाणी सैनिकांना जनरल ऑर्डर नंबर वन हा वागणुकीबाबतचा आदेश लागू असतो, त्यात दारूबंदीही येते. पाहुण्यांनीही तेच पाळायचं, सामानात एक बाटलीसुद्धा नको.

चमू लहान ठेवा. दोन पुरुष आणि दोन महिला असे चार खेळाडू, एक बोलका सूत्रसंचालक आणि सामान-वेळापत्रक सांभाळणारा एक. चार खेळाडूंत पुरुष, महिला आणि मिश्र अशा तिन्ही जोड्या जुळवता येतात. एखाद्याचा घोटा मुरगळला तर सूत्रसंचालकाला सर्व्हिस तरी करता आली पाहिजे.

वाळू, खांब, नेट

मैदान १६ बाय ८ मीटर, भोवती किमान ३ मीटर मोकळी जागा आणि वाळू किमान ४० सेंटिमीटर खोल. म्हणजे २२ बाय १४ मीटरच्या खड्ड्याला सुमारे १२३ घनमीटर वाळू लागते. एवढी वाळू कोणी दौऱ्यासाठी आणून टाकणार नाही, तेव्हा तळावर तयार मैदान आहे का आणि त्यात वाळू किती उरली आहे, हे आधी विचारा. पोहोचल्यावर पातळ सळई घेऊन नऊ ठिकाणी टोचून बघा. नेटजवळ आणि सर्व्हिसच्या जागी वाळू सगळ्यात आधी पातळ होते, आणि तिथेच उडी मारून माणूस खाली येतो. खाली घट्ट जमीन किंवा काँक्रीट लागलं, तर कडेची वाळू ओढून मधे भरा. तेवढ्याने भागत नसेल तर उड्या मारायच्या नाहीत असं ठरवून खेळा.

वाळवंटातली वाऱ्याने आलेली वाळू बारीक असते, धूळ उडते आणि डोळ्यांत जाते. गॉगल लागतातच. तारेचे तुकडे, खिळे, स्क्रू यांसाठी वाळू दाताळ्याने दोन दिशांनी ओढा. धावपट्टीवरचे लोखंडी तुकडे उचलायला वापरतात ती चुंबकाची पट्टी मिळाली तर ती फिरवून घ्या. अनवाणी खेळताना तिचा फार उपयोग होतो.

स्वतःचे खांब नेत असाल तर ताण देणाऱ्या दोऱ्या कशाला बांधायच्या, हा खरा प्रश्न. वाळूत अर्धा मीटर खोल, ओढीला आडवी फळी पुरली तर ती छान धरते. पण तळावर परवानगीशिवाय खणता येत नाही. जमिनीखाली केबल आणि पाण्याच्या नळ्या असतात. लांब लोखंडी खुंट्या ठोकणं तर नकोच. अशा वेळी वाळूच्या गोण्या वापरा. एका दोरीमागे दहा-बारा भरलेल्या गोण्या, एका जाळ्यात एकत्र बांधून. सुट्या ठेवल्या तर वरची गोणी निसटते, खांब आत झुकतो आणि नेट मधे लोंबतं.

नेटची उंची पुरुषांसाठी २.४३ मीटर, महिलांसाठी २.२४. मधोमध मोजा, मग दोन्ही टोकं मोजा. टोकं एकमेकांसारखी हवीत आणि ठरलेल्या उंचीपेक्षा २ सेंटिमीटरहून जास्त वर नकोत. सैनिकांच्या मिश्र खेळासाठी २.२४ वरच ठेवा. उंच नेटवर नवख्यांचे स्मॅश नेटमध्ये जातात आणि दहा मिनिटांत त्यांचा हुरूप जातो.

चेंडू आणि ऊन

चोवीस चेंडू न्या, पण हवा काढून. तरच दोन पिशव्यांत मावतात. सुई ओली केल्याशिवाय आत घालू नका. कोरडी सुई व्हॉल्व्हचं रबर फाडते आणि मग तो चेंडू दर तासाला मऊ पडतो. दोन पंप, डझनभर सुया आणि दाब मोजायचं यंत्र हाताच्या सामानात ठेवा.

बीचच्या चेंडूत दाब चौरस सेंटिमीटरला ०.१७५ ते ०.२२५ किलो असतो. गंमत इथे आहे: एसी खोलीत २२ अंशांना ०.२० भरलेला चेंडू उन्हात तापून ४७ अंशांवर गेला, की आतला दाब ०.३० च्या आसपास पोहोचतो. हा हॉलमधल्या व्हॉलीबॉलचा दाब झाला. असा चेंडू हातावर ठणकतो, रिसीव्ह उडून मागे जातो आणि सैनिकाला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. म्हणून हवा मैदानावरच, चेंडू पंधरा मिनिटं बाहेर ठेवून मग भरा. वापरात नसलेले चेंडू सावलीत.

उष्णतेबाबत तळावरच्या झेंड्यांचं ऐका. तापमान, दमटपणा आणि ऊन एकत्र धरून निर्देशांक काढतात; तो ९० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३२ सेल्सिअस झाला की काळा झेंडा लागतो. साध्या थर्मामीटरशी याची तुलना करू नका, दमट हवेत हवेचं तापमान फार चढलेलं नसतानाही तो लागू शकतो. काळ्या झेंड्याला खेळ बंद, कार्यक्रम सह्या आणि गप्पांवर न्या. वाळूवर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवता येत नसेल तर सगळ्यांना वाळूचे मोजे द्या. पाणी मारल्याने वाळू थंड होते, मात्र पाणी टँकरने येत असेल तर त्याचा हट्ट धरू नका.

प्रत्यक्ष दोन तास

तळ चोवीस तास चालतो. एकच संध्याकाळचा कार्यक्रम ठेवला तर रात्रपाळीवाले कायम हुकतात. एक कार्यक्रम सूर्य मावळल्यावर आणि दुसरा पहाटे शिफ्ट सुटताना, असे दोन ठेवा.

सुरुवातीला खेळाडूंनी १५ गुणांचा एकच सेट खेळावा, जास्त नको. सूत्रसंचालकाने चालू खेळातच नियम सांगावेत: ब्लॉकला लागलेला चेंडू तीन स्पर्शांतला एक धरतात, आणि उघड्या बोटांनी चेंडू टाकता येत नाही. मग चाळीस मिनिटं शिकवणं. चार गट, चार कोपरे, दर दहा मिनिटांनी गट पुढे. रिसीव्ह, सेट (म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणं), सर्व्हिस आणि वाळूत पावलं कशी टाकायची. शिकवणाऱ्याने एका वेळी एकच सूचना द्यावी. "कोपर सरळ" म्हटलं की पुढचे दहा चेंडू फक्त कोपर.

त्यानंतर लढत: दोन खेळाडू विरुद्ध चार सैनिक, ७ गुणांचा खेळ, जिंकेल तो संघ मैदानावर. खेळाडूंनी नवख्यांवर पूर्ण जोराचा स्मॅश मारायचा नाही आणि नेटवर हात पुढे घालून ब्लॉक करायचा नाही. मोडलेलं बोट म्हणजे त्या सैनिकाच्या तुकडीला एक माणूस कमी. हवाई दलाच्या हँगरमध्ये किंवा जहाजाच्या डेकवर वाळूच नसेल, तर बूट घालून, सूर न मारता, छोट्या मैदानावर खेळा.

पुढच्या आघाडीच्या तळांवर भोंगा वाजला तर कुठल्या बंकरकडे जायचं, हे पहिल्याच मिनिटाला विचारा आणि सगळ्या चमूला चालत जाऊन दाखवा. फुगे, कॉन्फेटीच्या तोफा, हवेचे भोंगे अजिबात नकोत. दचकवणारा आवाज तिथे कोणालाही करमणूक वाटत नाही, आणि खरा इशारा त्यात बुडू शकतो. फोटो कुठे काढायचे ते सोबतच्या अधिकाऱ्याला विचारून, फोनचं लोकेशन बंद, आणि तळ सोडल्यावरच टाकायचे.

सह्यांसाठी किमान चाळीस मिनिटं राखून ठेवा. भोजनगृहात खेळाडूंनी एकाच टेबलावर बसू नये, प्रत्येकाने वेगळ्या टेबलावर जावं. फाटकावर पहाऱ्यावर असलेले आणि दवाखान्यातले लोक मैदानावर येऊ शकत नाहीत. दोघांनी तिकडे जाऊन यावं, तेही कार्यक्रमाच्या दिवशीच, कारण दुसऱ्या दिवशी विमान कधी सुटेल ते हवामान ठरवतं.

निघताना एक नेट, सहा चेंडू, पंप आणि सुया एमडब्ल्यूआरकडे ठेवा. तिथल्या खांबांवर २.२४ आणि २.४३ च्या खुणा पक्क्या शाईने करून द्या, आणि दाब किती ठेवायचा ते पंपाच्या नळीवर चिकटपट्टी लावून लिहा.