घरच्या मीडिया सर्व्हरसाठी मी डेबियन का घेतलं

आईच्या भजनांची रेकॉर्डिंग आणि घरचे व्हिडिओ टीव्हीवर दिसावेत म्हणून ४ जीबी रॅमचा जुना पीसी मीडिया सर्व्हर म्हणून लावला, म्हणजे फाईली त्यावर आणि बघायच्या टीव्ही-मोबाईलवर. आधीची सिस्टीम रात्री आपोआप अपडेट व्हायची आणि सकाळी पासवर्ड मागत थांबलेली असायची. आई टीव्ही लावायची, तर काहीच नाही! मग डेबियन १२ ही लिनक्स सिस्टीम टाकली, डेस्कटॉप (खिडक्या-आयकॉनवाला पडदा) न घेता. त्यामुळे बरीच रॅम मोकळी राहिली. वर जेलीफिन, म्हणजे व्हिडिओ-गाणी घरच्या टीव्ही-मोबाईलवर पोचवणारा प्रोग्रॅम.

पण मोबाईलवर व्हिडिओ अडखळायचा आणि प्रोसेसर १०० टक्क्यांवर. जेलीफिन ज्या यूजरच्या नावाने चालतो तो 'रेंडर' ग्रुपमध्ये (ग्राफिक्स चिप वापरायची परवानगी असलेल्या गटात) नव्हता, म्हणून मोबाईलसाठी व्हिडिओ बदलताना ती चिप वापरलीच जात नव्हती. त्याला ग्रुपमध्ये घातलं, सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (हे काम चिपकडून करून घेणं) चालू केलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली. व्हिडिओ सुरळीत.

खरा त्रास वीज गेल्यावर व्हायचा. पीसी लगेच उठायचा, बाहेरची हार्डडिस्क मात्र कधीकधी उठायचीच नाही. सिस्टीम दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जायची, म्हणजे अर्ध्यावर थांबून दुरुस्तीची वाट बघायची, मग कीबोर्ड जोडण्यावाचून गत्यंतर नाही. एफस्टॅब फाईलमध्ये (चालू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा एक शब्द वाढवला. आता डिस्क नसली तरी सर्व्हर चालू होतो, आणि पुढचं मी ऑफिसातून एसएसएचने (दुरून सर्व्हरला कमांड द्यायची सोय) बघतो.