फोटो छान आहे, पण वारा कुठून होता?

न्यूझीलंडमधल्या एका निवृत्त जहाजी आजोबांना मी माझा पहिला आभाळाचा फोटो पाठवला, तेव्हा कौतुकाची अपेक्षा होती. टेकडीमागून चढलेला काळाकुट्ट ढग आणि खाली उन्हात पिवळंजर्द झालेलं माळरान. उत्तरात चार प्रश्न आले. किती वाजता काढला? कॅमेऱ्याचं तोंड कुठे होतं? वारा कुठून होता? आणि मग पाऊस पडला का? मला एकाचंही धड उत्तर देता येईना. फोटो काढला आणि मी घरात शिरले होते.

त्याला आता अकरा वर्षं झाली. आम्ही सात जण पाच देशांतून दर रविवारी एकमेकांना एक फोटो आणि त्या घडीची हवा पाठवतो. आजोबांच्या त्या चार प्रश्नांतून मी जो धडा घेतला, तोच इथे मांडते आहे: फोटोखाली न दिसणारं लिहायचं. ‘आकाश ढगाळ आहे’ हे समोरच्याला दिसतंच की.

पहिली ओळ वेळेची. स्थानिक वेळ लिहा आणि शेजारी यूटीसी, म्हणजे जगभर एकच धरली जाणारी प्रमाणवेळ, तीही लिहा. मनातल्या मनात वजाबाकी करू म्हणाल तर फसाल. नेपाळचं घड्याळ यूटीसीच्या 5 तास 45 मिनिटं पुढे असतं, न्यूझीलंडच्याच चॅटम बेटांचं 12 तास 45 मिनिटं. त्यातून कित्येक देश उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे सरकवतात. यूटीसी दिलं की पाहणारा त्याच वेळचं उपग्रहचित्र उघडून तुमचा ढग वरून कसा दिसत होता हेही पाहू शकतो.

तारखेत महिना अक्षरी लिहा. आमच्यातल्या एकीनं वणव्याच्या धुराचा फोटो ‘7/8’ लिहून पाठवला होता. मी तो 7 ऑगस्टचा धरला आणि काळजीनं ‘धूर कमी झाला का’ विचारलं. धूर महिन्यापूर्वीच विरला होता. तिच्याकडे महिना आधी लिहितात, ती तारीख 8 जुलै होती.

मग दिशा. फोनमधलं होकायंत्र पुरतं, मात्र लोखंडी कठड्याला टेकून किंवा गाडीशेजारी उभं राहून पाहू नका, ते भलतीकडेच दाखवतं. मी स्वतः सूर्याशी ताडून बघते. (आजोबांच्या पहिल्या काही फोटोंतल्या सावल्या मला उलट्या वाटायच्या. त्यांच्याकडे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो हे डोक्यात बसायला वर्ष गेलं.) दिशा माहीत नसेल तर ढग येतो आहे की जातो आहे हे फोटोवरून कुणालाच सांगता येत नाही.

आता वारा. वाऱ्याला नाव द्यायचं ते तो जिथून येतो त्या दिशेचं. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. वेग मोजायला यंत्र नसलं तरी अडत नाही. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिडांवरून वारा ओळखण्याची पायरीवार मोजणी बसवली. पुढे तिला जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या आणि त्या आजही चालतात. चेहऱ्याला वारा जाणवतो, पानं सळसळतात: 2. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात: 3. धूळ आणि कागदाचे कपटे उडतात: 4. पालवीनं भरलेली छोटी झाडं डोलतात: 5. मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री सांभाळताना त्रेधा उडते: 6. अख्खी झाडं हलू लागली, वाऱ्यासमोर चालणं जड झालं, तर 7. त्यापुढे डहाळ्या मोडू लागतात. तेव्हा फोटो राहू द्या, आत या. एवढा आकडा लिहिला की आजोबांसारखा माणूस खूश.

ढग वाऱ्याच्याच दिशेनं जातील असं मात्र धरून चालू नका. खांबाच्या टोकाशी ढगाची कड जुळवा आणि मिनिटभर हलू नका. खालचा थर एकीकडे आणि वरचा भलतीकडे सरकताना पहिल्यांदा दिसला, तेव्हा मी मान दुखेस्तोवर बघत राहिले होते. हेही फोटोत येत नाही, म्हणून लिहायचं.

तापमानाच्या बाबतीत मात्र मी थोडी कडक आहे, कारण सर्वांत लाजिरवाणी चूक माझीच आहे. मी पश्चिमेच्या भिंतीवर तापमापक टांगला होता. एका दुपारी 52 दिसले आणि मी मोठ्या फुशारकीनं कळवले. आमच्यातल्या एकानं शांतपणे लिहिलं, ‘भिंतीचं तापमान कळलं. हवेचं किती?’ जगभरातल्या वेधशाळांत तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत ठेवतात. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या अभियंत्याच्या डोक्यातून निघाली. तिच्यातून वारा खेळतो, ऊन मात्र आत शिरत नाही. पेटी नसेल तर निदान एवढं करा: जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंची, दिवसभर सावली, भिंत आणि फरशी यांच्यापासून लांब, मोकळी हवा. आणि फोनमध्ये दिसणारा आकडा तुम्ही मोजलेला नाही. बहुतेक वेळा तो आसपासच्या केंद्रांवरून आणि गणितावरून काढलेला अंदाज असतो. तो द्यायला हरकत नाही, पण ‘फोनवरचा’ असं शेजारी लिहा.

आर्द्रतेची टक्केवारी दुसऱ्या देशातल्या माणसाला फारसं काही सांगत नाही. 2 अंशांवरचे 90 टक्के आणि 28 अंशांवरचे 90 टक्के यांत जमीनअस्मानाचा फरक आहे: पहिल्यात बोटं गारठतात, दुसऱ्यात अंगाला कपडा चिकटतो. त्यापेक्षा दवबिंदू द्या, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत गार झाली की दव पडू लागेल तो आकडा. दवबिंदू 24 आहे म्हटलं की घामानं जीव नकोसा झालाय हे कुठेही कळतं.

हवेचा दाब देणार असाल तर तो समुद्रसपाटीला आणलेला आहे की तुमच्या जागेवरचा, ते सांगा. आमच्यातल्या एकाचं नवंकोरं दाबमापक 850 हेक्टोपास्कल दाखवत होतं. ‘मोठं वादळ येतंय,’ त्याचा घाईघाईचा निरोप. समुद्रसपाटीवर आजवर नोंदला गेलेला सर्वांत कमी दाब 870 आहे, 1979 साली प्रशांत महासागरातल्या टिप नावाच्या वादळात मोजलेला. त्याचाही विक्रम आमच्या मित्रानं अंगणात बसून मोडला होता! तो राहतो सुमारे 1500 मीटर उंचीवर, आणि तिथे तेवढा दाब रोजचाच.

पावसासाठी मराठीत शब्दांची चैन आहे. भुरभुर, रिपरिप, सर, झड, मुसळधार. यांतला एकही परभाषेत नीट उतरवता आलेला नाही मला. ‘मळभ’ समजावायला मला अर्धं पान लागलं. तेव्हा शब्द लिहाच, पण सोबत मिलिमीटर द्या. सपाट बुडाचं, सरळ उभ्या बाजूंचं भांडं घ्या, आजूबाजूच्या झाडा-भिंतींच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा आणि रोज ठरल्या वेळी पट्टीनं मोजून रिकामं करा. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हा हिशोब सांगितला की ‘काल 80 मिलिमीटर पडला’ याचं वजन कुणालाही कळतं.

ढग किती होते ते आठ भागांत सांगायचं: आकाशाचे आठ भाग कल्पून त्यातले किती झाकलेत ते बघा. धुक्यात आकाशच दिसत नसेल तर वेधशाळेवाले 9 लिहितात. आठापैकी नऊ, मला ही गंमत फार आवडते. धुकं कशाला म्हणायचं यालाही माप आहे: एक किलोमीटरच्या आतलंच दिसत असेल तर धुकं, त्यापलीकडचंही दिसत असेल तर ते विरळ, धुरकट काहीतरी. यासाठी तुमच्या नेहमीच्या जागेवरून दिसणारी चार-पाच ठिकाणं नकाशावर मोजून ठेवा. पूल 400 मीटर, पाण्याची टाकी 1.2 किलोमीटर, लांबची टेकडी 9 किलोमीटर. टाकी दिसेनाशी झाली की मला आकडा आपोआप मिळतो.

ढगांची नावं पाठ नसली तरी घाबरू नका. ल्यूक हॉवर्ड नावाच्या लंडनच्या औषधं बनवणाऱ्या माणसानं 1802 मध्ये ढगांना लॅटिन नावं दिली. सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस ही त्याचीच. हवामानशास्त्र हा त्याचा व्यवसाय नव्हता, नाद होता. जागतिक हवामान संघटनेच्या ढगांच्या अधिकृत कोशात 2017 साली ‘अ‍ॅस्पेरिटस’ हा खवळलेल्या समुद्रासारखा दिसणारा प्रकार आला, तोही हौशी लोकांनी काढलेल्या फोटोंच्या जोरावर. ओळखता आला नाही तर ‘कापूस पिंजल्यासारखा, उंचावर’ असं लिहा. चुकीच्या नावापेक्षा हे बरं.

फोटोबद्दल आता. क्षितिज सरळ ठेवा. चौकटीत ओळखीच्या मापाचं काहीतरी येऊ द्या, माणूस, विजेचा खांब, झाड. नाहीतर ढग केवढा ते समजत नाही. बर्फ किंवा दाट धुकं असेल तर कॅमेरा त्याला राखाडी करून टाकतो, म्हणून उजेड एक-दीड पायरी वाढवा. पांढऱ्या रंगाचं संतुलन ‘स्वयंचलित’वर ठेवलंत तर पहाटेची लाली कॅमेरा चूक समजून पुसायला बघतो, ‘दिवसाचा उजेड’ निवडा. नंतर फोटो सरळ करणं, कडा कापणं चालेल. रंग भडक करू नका. आकाश बदलण्याची सोय आता फोनमध्येच असते, तिच्या वाटेला जाऊ नका. रात्रीचा फोटो फोनने दिवसासारखा उजळला असेल तर ‘डोळ्यांना एवढं दिसत नव्हतं’ अशी कबुली द्या.

सूर्याभोवतीचं खळं टिपताना सूर्य खांबाआड किंवा छपराच्या कोपऱ्याआड घ्या आणि कॅमेऱ्याला डोळा लावायच्या काचेतून थेट सूर्याकडे कधीही बघू नका. हात लांब करून पंजा फाकवलात तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण 20 ते 22 अंश होतात, आणि नेहमीच्या खळ्याची त्रिज्याही 22 अंशच असते. इंद्रधनुष्य हवं असेल तर सूर्याकडे पाठ करा. सूर्य 42 अंशांच्या वर असेल तर सपाट जमिनीवरून ते दिसायचं नाही, म्हणून भरदुपारी वाट बघत बसू नका. वीज टिपायला उघड्यावर जाऊ नका. गडगडाट ऐकू येतो आहे म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबा. अंतर लिहायचं तर चमक आणि आवाज यांमधले सेकंद मोजा आणि तिनानं भागा: किलोमीटर मिळतात.

थंडीत बॅटरी लवकर बसते, म्हणून दुसरी अंगाजवळच्या खिशात ठेवा. घरात शिरण्याआधी कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घाला, नाहीतर भिंगावर बाष्प धरतं. माझं एक भिंग यातच बुरसटलं.

सर्वांत मोलाचं वाटतं ते एकाच जागेवरून काढत राहणं. मी एका दगडावर खूण केली आहे, तिथेच उभी राहते. सुरुवातीची दोन वर्षं त्यात काही हाती लागतंय असं वाटलं नाही. नंतर ओहोळ कोणत्या आठवड्यात आटतो, कोणतं झाड उशिरा फुटतं हे ओळीनं लावलेल्या फोटोंतून डोळ्यांसमोर आलं. फाइलचं नाव तारखेनं सुरू करा, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे त्या आपोआप ओळीत बसतात.

पाठवण्याआधी फोटोत दडलेली जागेची नोंद काढून टाका. फोन ती मुकाट्यानं फाइलमध्ये लिहितो आणि घराचा ठाव सांगून जातो. दरी, नदी, जवळचं शहर आणि समुद्रसपाटीपासूनची उंची एवढं पुरे. पक्ष्यांच्या घरट्याची जागा तर कुणालाच सांगू नका. आणि ज्यांना दिसत नाही अशांसाठी फोटोत काय आहे ते दोन साध्या वाक्यांत लिहा; आमच्यातल्या एकीची नजर आता अधू झाली आहे, ती आमची हवा वाचते.

दुसऱ्याचा फोटो आला की ‘आमच्याकडे याहून वाईट’ हे उत्तर टाळा. उणे 20 अंश म्हणजे फोटो पाठवणारीसाठी साधा मंगळवार असतो. ‘एरवी या दिवसांत किती असतं?’ असं विचारा. हवामान खाती सरासरी 30 वर्षांची धरतात, सध्या 1991 ते 2020 ची. त्या सरासरीशी ताडलं की नवलाचं काय आणि रोजचं काय ते समजतं.

गेल्या रविवारची माझी नोंद अशी होती: ‘सकाळी 6:40, यूटीसी 01:10. तोंड नैर्ऋत्येला. सावलीत 21 अंश, दवबिंदू 20. वारा पश्चिमेचा, 2. ढग आठपैकी सात, खालचे भराभर पूर्वेकडे, वरचे जागेवर. टाकी दिसते, टेकडी नाही. रात्रीतून 14 मिलिमीटर. ओल्या मातीचा वास, बेडूक गप्प.’

आजोबांचं उत्तर आलं: ‘बेडूक कधीपासून गप्प?’