बागेसाठी देणगी-यादी काढताय? या चुका टाळा

आमच्या भागातल्या तीन बागांच्या देणगी-याद्या मी केल्या आहेत. बाक इतक्याला, झोपाळा इतक्याला, झाड इतक्याला असं छापून घरोघर द्यायचं आणि ज्याला जे झेपेल ते त्याने उचलायचं. नुसतं 'बागेला मदत करा' म्हटलं की लोक शंभराची नोट काढतात, पण आईच्या नावाचं बाकडं म्हटलं की घरात बसून विचार होतो. पद्धत उत्तम आहे. तरी प्रत्येक नवी समिती त्याच चुका करते.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दुकानातला भाव यादीत छापणं. आम्हीही हेच केलं होतं. दुकानदाराने बाकाचे ६,५०० सांगितले, आम्ही तेच छापले. पंधरा दिवसांत १२ बाकं बुक झाली. मग टेम्पोचं भाडं आलं, हमाली आली, खालचं काँक्रीट, गवंड्याची मजुरी, नावाची पाटी. बाकामागे २,५०० कमी पडले, म्हणजे एकूण ३०,०००. ते आम्ही झाडांसाठी आलेल्या पैशातून काढले, आणि हे तर कधीच करू नये. शिवाय उद्घाटनाची घाई होती, म्हणून पाट्या स्क्रूने न बसवता चिकटवल्या. पहिल्याच पावसाळ्यात त्या सुटल्या. एक आजोबा पत्नीच्या वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी नातवंडांना घेऊन आले. पाटीच्या जागी वाळलेल्या गोंदाचा चौकोन होता. त्यावरून अंगठा फिरवत त्यांनी विचारलं, "हिच्या नावाची पाटी कुठं गेली हो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी कोटेशन 'जागेवर बसवून' असंच मागतो, त्यात देखभालीसाठी चौथा हिस्सा वाढवतो आणि मगच आकडा छापतो. पाटी किती वर्षं राहील आणि बाक मोडलं तर काय करणार, हेही यादीतच लिहितो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९८६ पासून बाक दत्तक देतात. तो पैसा बाकांच्या आणि आसपासच्या हिरवळीच्या देखभालीसाठीच असतो. आकडा वाढला की देणगीदार पळतील असं समितीत कुणीतरी म्हणतंच. माझ्या अनुभवात पळत नाहीत. पुन्हा पैसे मागायला गेलात तर मात्र नक्की पळतील.

झाडांच्या बाबतीत उतावळेपणा जास्त नडतो. लवकर सावली हवी म्हणून भराभर वाढणारं काहीही आणतात आणि भिंतीला चिकटून लावतात. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने शहरातलं झाड वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, म्हणजे चुकलेली जागा जन्माची चुकते. मी यादीत बहावा, ताम्हण, कडुनिंब एवढंच ठेवतो. किमतीत पिंजरा आणि तीन उन्हाळ्यांचं पाणी धरतो. झाड जगलं नाही तर दुसरं लावून देऊ, हेही छापतो.

बाग महापालिकेची असेल तर उद्यान विभागाची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय यादी छापू नका. तोंडी 'हो' चालत नाही.

संस्थेची आयकर खात्याकडे ८०जीची (देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी) नोंदणी नसताना '८०जी सवलत' छापणं ही फसवणूक आहे. नोंदणी असली तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती वजावट नाही, नवी करप्रणाली घेतलेल्यालाही नाही. म्हणून त्यावरची रक्कम मी चेक किंवा यूपीआयनेच घेतो आणि पावती त्याच दिवशी देतो.

यादीत नुसत्या मोठ्या वस्तू नकोत. ३०० रुपयांची खताची गोणी हवीच. आमच्याकडे सगळ्यात जास्त तीच जाते, आणि देणारी बहुतेक भाड्याने राहणारी तरुण मुलं असतात. त्यांचीही नावं फाटकाजवळच्या फळ्यावर लिहा, बाक देणाऱ्यांच्याच अक्षरांत, तेवढ्याच आकारात.