हापसा पुन्हा बंद पडला? मंडळीच्या पाणीसेवेत या चुका टाळा

उन्हाळा तोंडावर आला की चर्चच्या मंडळीच्या बैठकीत एखाद्या वाडीला किंवा तांड्याला बोअर मारून देण्याचा विषय निघतो. वर्गणी जमते, गाडी येते, पाणी लागतं, पाळकसाहेब प्रार्थना करतात, फोटो निघतात. दोन-तीन वर्षांनी त्याच वस्तीतल्या बाया पुन्हा हंडे घेऊन लांबच्या विहिरीवर जाताना दिसतात, कारण हापसा बंद आहे. बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा आपल्या कामाच्या पद्धतीत असतं. आणि ते दुरुस्त करता येतं.

हे दुखणं जुनं आहे. त्यावरचा इलाज आपल्याच महाराष्ट्रात, मिशनच्या वर्कशॉपमध्ये सुरू झाला, हे आपल्या तरुण संघातल्या मुलामुलींना सांगायला हवं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जालन्याच्या स्कॉटिश मिशनने हवेच्या दाबावर चालणारं बोअर मारायचं यंत्र, म्हणजे हॅमर रिग, वापरून काळ्या पाषाणात बोअर मारायला सुरुवात केली. पाणी लागायचं, पण वर बसवलेले बिडाचे पंप टिकत नव्हते. ते होते युरोप-अमेरिकेतल्या घरगुती पंपांच्या नकला, एका कुटुंबाने दिवसातून चार वेळा हापसावं एवढ्यासाठी बनवलेले. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत सगळा गाव त्यावर. १९७४ च्या सुमारास झालेल्या पाहणीत देशातले सुमारे ७५ टक्के हातपंप बंद असल्याचं आढळलं होतं.

जालन्याच्या मिशनने बिडाऐवजी पोलाद वापरलं आणि झिजणाऱ्या अनेक सांध्यांच्या जागी एकच सांधा ठेवला. तो जालना पंप. सोलापूर वेल सर्व्हिसने दांड्याला साखळी जोडून त्यात आणखी सुधारणा केली. तो सोलापूर पंप. याच पायावर १९७० च्या दशकात युनिसेफ, भारत सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीने इंडिया मार्क दोन घडवला, कोइम्बतूर भागात त्याच्या चाचण्या झाल्या आणि पुढे तो आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत गेला. तुमच्या गावातल्या हापशाचं पुढचं झाकण उघडा. आत जी साखळी दिसेल, ती सोलापूरची देणगी आहे.

जालना-सोलापूरच्या लोकांनी बोअर मारून काम संपलं असं मानलं नाही. मोडलेला पंप पुन्हा पुन्हा उघडून पाहिला. आपण नेमकं तेच करत नाही.

जागा ठरवतानाच्या चुका

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बोअर चर्चच्या आवारात, फाटकाच्या आत मारणं. सांभाळायला सोपं जातं हे खरं, पण फाटकाला कुलूप लागलं की पाणीही कुलपात जातं. आपल्याकडे पाणवठ्यावर कुणाला येऊ द्यायचं आणि कुणाला नाही याचा इतिहास फार कडू आहे. याकोबाच्या विहिरीवर बसून प्रभूने ज्या बाईकडे पाणी मागितलं, तिच्याशी बोलणंही त्या काळच्या लोकांना रुचत नव्हतं. तेव्हा हापसा अशा जागी हवा, जिथे वस्तीतली कुठलीही बाई कुणाची परवानगी न घेता येईल. पाणी देताना उपासनेला येण्याची अट घालू नये, आडून सुचवूही नये. तहानलेल्याला पाणी देणं ही सेवा स्वतःतच पुरी आहे.

दुसरी चूक वेळेची. पावसाळ्यानंतर लगेच बोअर मारला तर वरच्या थरातलं पाणी लागतं आणि सगळे खूश होतात. एप्रिलमध्ये पातळी सिलिंडरच्या, म्हणजे बोअरमध्ये खाली पाणी खेचणाऱ्या नळकांड्याच्या, खाली जाते आणि पंप कोरडा. आजूबाजूच्या विहिरी मे महिन्यात किती खोल जातात हे म्हाताऱ्या माणसांना विचारा, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या तालुक्यातल्या नोंदी पाहा आणि सिलिंडर त्या पातळीच्या खाली बसवा. संडासाचा शोषखड्डा बोअरपासून निदान १५ मीटर दूर हवा, तोही शक्यतो उताराच्या बाजूला.

ग्रामपंचायतीला न सांगता काम उरकणं हीदेखील चूकच. पुढची दुरुस्ती तिच्याशिवाय होत नाही.

ओट्याकडे दुर्लक्ष नको

पैसे बोअरमध्ये संपतात आणि हापशाभोवतीचा सिमेंटचा ओटा कसाबसा उरकला जातो. मग तो तडकतो, सांडपाणी केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपच्या, कडेने खाली उतरतं आणि साठ मीटरवरच्या पाण्यात वरची घाण मिसळते. केसिंग पक्क्या खडकात टेकवा, त्याच्या बाहेरची फट सिमेंटने भरा, ओट्याला नाली आणि नालीच्या टोकाला शोषखड्डा द्या. ओट्याला आठवडाभर पाणी मारा आणि तोवर हापसा सुरू करू नका. लोक घाई करतात, पण इथे ठाम राहायला हवं.

बिघाड ओळखा, मग पाना हातात घ्या

पंप बंद म्हणून सरळ सगळे पाइप उपसायचे, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. त्यात दिवस जातो, आणि पाइप धरून ठेवणारा क्लॅम्प सैल राहिला तर अख्खी पाइपलाइन बोअरमध्ये सुटते. आधी दांडा हातात धरून पाहा, तो बरंच काही सांगतो.

दांडा एकदम हलका झाला आणि पाणी थेंबभरही नाही? दांड्यापासून खाली सिलिंडरपर्यंत जाणारा रॉड तुटला आहे किंवा त्याची जोडणी सुटली आहे. दांडा नेहमीसारखा जड आहे, पण सकाळी बराच वेळ हापसल्यावर पाणी येतं? तळाचा व्हॉल्व्ह किंवा पाइपचा एखादा जोड गळतो आहे. याची सोपी चाचणी आहे: पाणी वाहतं करा, अर्धा तास थांबा, पुन्हा हापसा. पाचाहून जास्त झटके लागले तर गळती नक्की.

पाणी येतं, पण धार बारीक? बादली लावा आणि एका मिनिटात पूर्ण ४० झटके मारा. चांगला मार्क दोन १२ लिटरच्या आसपास देतो. त्याहून बरंच कमी आलं तर प्लंजरचे, म्हणजे सिलिंडरमध्ये वर-खाली होणाऱ्या दट्ट्याचे, वायसर झिजलेत, किंवा पातळी खाली गेली आहे. उन्हाळा असेल तर आधी दोरी सोडून पातळी मोजा. नवे वायसर टाकूनही धार वाढली नाही म्हणून मेकॅनिकला दोष देणारे लोक हे मोजमाप विसरतात.

दांडा वर नेताना साखळी दुमडते? वायसर फार घट्ट बसलेत. दांडा डावी-उजवीकडे डुलतो? आसाचा नट आवळा. तरी डुललाच तर बेअरिंग बदला. खरखर आवाज येत असेल तर रॉड वाकला असेल किंवा पंपाचं वरचं डोकं, म्हणजे हेड, तिरकं बसलं असेल. साखळीला महिन्यातून एकदा ग्रीस लावायचं आणि नट-बोल्ट आवळायचे. एवढं काम शिकवलं की कुणीही करू शकतं, आणि ज्या रोज पाणी भरतात त्यांनीच शिकावं हे उत्तम. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात गावातल्या बायका हातपंप मेकॅनिक झाल्या आणि त्यांनी ते काम चोख केलं. आपल्या महिला मंडळातल्या दोघी-तिघी का होऊ नयेत?

वायसर, बेअरिंग, साखळी हे सुटे भाग घेताना आयएस १५५०० (आधीचं आयएस ९३०१) या भारतीय मानकाचेच घ्या. स्वस्त पाइपचे आटे पहिल्याच वेळी खाल्ले जातात. पंप बसवतानाच एक संच जास्तीचा घेऊन वस्तीत ठेवला, तर दुरुस्ती तालुक्याच्या दुकानावर अडत नाही.

पाणी लालसर येत असेल तर जमिनीतल्या लोहाला लगेच दोष देऊ नका. थोडा वेळ हापसल्यावर लाली कमी झाली, तर बहुधा जीआय पाइपच (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप) गंजतो आहे. आम्लधर्मी पाण्यात असं होतं, तिथे पाइपचा प्रकारच बदलावा लागतो.

पाणी नितळ दिसतं म्हणून तपासणी टाळू नका

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चवही कळत नाही, आणि मुलांच्या दातांवर डाग पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, टीसीएलने, म्हणजे ब्लीचिंग पावडरनेही जात नाही. जास्त निघालं तर त्या पंपाचं पाणी पिण्यासाठी नको असं सांगावं लागतं, देणगीदार नाराज झाले तरी.

जंतूंसाठी एच-टू-एस बाटलीची चाचणी स्वस्त आहे. पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत काळं पडलं तर ते पिण्यालायक नाही. तेव्हा बोअरमध्ये टीसीएल टाकायची, पण कोरडी पावडर ओतून नव्हे. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणी बोअरमध्ये सोडा. १५० मिमी बोअरमध्ये दर मीटरला साधारण १८ लिटर पाणी असतं. ३० मीटर पाणी असेल तर ५४० लिटर, त्याला ताजी टीसीएल ८० ग्रॅमच्या आसपास पुरते. रात्रभर ठेवा आणि सकाळी वास जाईपर्यंत पाणी उपसून टाका. वर्षभर उघडी पडलेली टीसीएलची पिशवी वापरू नका, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. उपसून झाल्यावर चार-पाच दिवसांनी पुन्हा बाटली लावा. तीही काळी पडली तर ओट्याची तड किंवा केसिंगची फट शोधा, कारण घाण रोज आत येते आहे आणि टीसीएल तिला पुरी पडणार नाही.

आणि घरातला माठ. पंपाचं पाणी स्वच्छ, बाटली काळी पडत नाही, तरी मुलांना हगवण लागत असेल तर हात घालून पेला बुडवला जातो का ते पाहा. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचा माठ घरोघरी पोचवण्याचा खर्च बोअरच्या मानाने काहीच नाही. तो वर्गणीच्या यादीत पहिल्या दिवसापासून लिहा.